भराव आणि मुख्य : घरगुती दूरचित्रवाहिनीच्या कार्यक्रम-आखणीचे सेमाडोहच्या संदर्भात वाचन

स्वतःच्या संगणकात साठवलेले चित्रपट, मालिका, गाणी आणि घरच्या चित्रफिती यांची एक खाजगी दूरचित्रवाहिनी तयार करून देणारी सॉफ्टवेअर गेल्या दीड दशकात विकसित झाली आहेत. कोडी, प्लेक्स यांसारखी माध्यमसंग्रह सांभाळणारी सॉफ्टवेअर त्याआधी रूढ होतीच. त्यांत प्रेक्षक संग्रह चाळतो आणि हवे ते निवडून पाहतो. घरगुती वाहिनीच्या सॉफ्टवेअरने ही निवड प्रेक्षकाच्या हातून काढून घेतली. संग्रहातील सामग्री कोणत्या वेळी, कोणत्या क्रमाने दिसेल याचे वेळापत्रक आधीच बांधले जाते आणि घड्याळाबरोबर ते पुढे सरकत राहते. संच उशिरा सुरू करणाऱ्यास चित्रपट मध्यापासून पाहावा लागतो. मागणीप्रमाणे पाहण्याची सोय हाताशी असताना ही गैरसोय माणसे हौसेने स्वीकारतात, हीच या प्रकारातील पहिली विचार करण्याजोगी गोष्ट होय.

दुसरी गोष्ट नावांची. या घराण्यातील एका जुन्या सॉफ्टवेअरचे नाव 'स्यूडोटीव्ही', म्हणजे छद्म-दूरचित्रवाणी. त्याच वंशातील पुढचे 'दिझ्केटीव्ही'. स्पॅनिशमधील 'दिझ्के' हा शब्द मराठीतील 'म्हणे'च्या जवळचा, ऐकीव आणि काहीशा संशयास्पद गोष्टीसाठी वापरला जाणारा. त्यानंतरचे 'एर्झात्सटीव्ही', जर्मन भाषेत 'एर्झात्स' म्हणजे बदली वस्तू, युद्धकाळात खऱ्या कॉफीऐवजी प्यावे लागणारे भाजलेल्या धान्याचे पेय. आपण नक्कल आहोत, असे ही तीनही नावे विनयाने कबूल करतात. परंतु नक्कल म्हटली की मूळ आले. हे मूळ कोणाचे, आणि ज्यांच्या वाट्याला ते मूळ कधी आलेच नाही त्यांनी या साधनाचे काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह हे गाव येथे निवडले आहे.

वेळापत्रक ही केवळ व्यवस्थापनाची बाब नसून ती वाचता येण्याजोगी संहिता आहे, ही जाणीव माध्यमसमीक्षेत रेमंड विल्यम्स यांच्या १९७४ मधील 'टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म' या ग्रंथाने रुजवली. सागरप्रवास करून मायामीला पोहोचल्यावर एका रात्री तेथील दूरचित्रवाणीवर चित्रपट पाहताना त्यातील जाहिराती आणि पुढील चित्रपटांच्या झलका मूळ कथेत अशा मिसळून गेल्या की, एक काय आणि दुसरे काय हे वेगळे करणे त्यांना कठीण झाले. त्यातून 'प्रवाहा'ची संकल्पना पुढे आली : दूरचित्रवाणीचा एकक म्हणजे कार्यक्रम नव्हे, तर कार्यक्रमांचा अखंड ओघ. जॉन एलिस यांनी २००० मध्ये आपल्या एका निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न केला की, आखणी हीच दूरचित्रवाणीतील अखेरची सर्जनशील कृती आहे काय. एलिस यांच्या दृष्टीसमोर मोठ्या वाहिन्यांतील आखणीकार होते. तो अधिकार पुढे घरच्या संगणकावर येऊन बसेल, हे त्यावेळी कोणाच्या ध्यानीमनी असण्याचे कारण नव्हते.

भारतात या अधिकाराचा इतिहास बहुतांशी शासनाचा इतिहास आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' या उपग्रह-प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्यात आली. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास सर्वांसाठी, असे दिवसाचे चार तास ठरले. ते भाषांच्या गटांत वाटलेले असल्याने आपल्या भाषेचा भाग संपला की, संचासमोरच्या गावकऱ्यांना परभाषेतील चित्रे पाहत बसावे लागे किंवा उठून जावे लागे. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मेळघाटच्या सीमेपलीकडचा मध्य प्रदेश मात्र होता. याच काळात गुजरातमधील खेडा जिल्ह्यात पीज येथील छोट्या प्रक्षेपकावरून स्थानिक बोलीत, स्थानिक लोकांना घेऊन कार्यक्रम झाले. आखणी प्रेक्षकाच्या जवळ गेल्यास काय घडू शकते, याचे ते आजही अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. परंतु देशाने तो मार्ग घेतला नाही. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि सायंकाळचा मोक्याचा काळ दिल्लीच्या स्वाधीन झाला.

महाविद्यालयीन अध्यापकांस या इतिहासाची एक शाखा अधिक परिचित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' १९८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा दुपारी तास चालू असताना प्रक्षेपण आणि प्रक्षेपण चालू असताना वर्गात संच नाही, ही विसंगती अनेक ठिकाणी अनुभवास आली. २०१७ मध्ये 'स्वयंप्रभा'च्या ३२ वाहिन्या आल्या. त्यांचे सूत्र असे की, रोज किमान चार तासांचा नवा आशय आणि त्याची दिवसभरात आणखी पाच वेळा पुनरावृत्ती. विद्यार्थ्याची वेळ ठाऊक नसल्याने सर्व वेळा व्यापून टाकायच्या, असा हा उपाय आहे. गणिताच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. प्रेक्षकाविषयी काही जाणून घेण्याची गरज मात्र तो कायमची संपवतो.

सेमाडोहकडे वळावयाचे ते या पार्श्वभूमीवर. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात हे गाव आहे. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. १९७३-७४ मध्ये देशात घोषित झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश होता; त्यामुळे बाहेरच्यांस सेमाडोह परिचित आहे ते वनविभागाच्या पर्यटन संकुलाचे ठिकाण म्हणून. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मेळघाट आला तो दोनच रूपांत : वाघ आणि कुपोषण. दोन्ही विषय खरे आहेत आणि दोन्हींचे गांभीर्य निर्विवाद आहे. परंतु ज्या संचावर ही दृश्ये दिसतात, त्याच संचावर मेळघाटातल्या माणसाची सायंकाळ कशी असावी हे मेळघाटातून कधी ठरले नाही. २००४ च्या अखेरीस दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा सुरू झाल्यापासून छपरावरच्या तबकडीतून डोंगराआडही वाहिन्या उतरू लागल्या. त्यांची भाषा हिंदी किंवा मराठी. कोरकू ही ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील भाषा. २०११ च्या जनगणनेत ती बोलणाऱ्यांची संख्या सात लाखांहून अधिक आहे. एवढ्या लोकांच्या भाषेस एखाद्या प्रमुख वाहिनीवर रोजचा अर्धा तासही मिळालेला नाही.

म्हणजे घरगुती वाहिनीच्या हौशी निर्मात्याजवळ जे मूळ असते, ते सेमाडोहजवळ नाही. अमेरिकेतील निर्माता आपल्या बालपणीची शनिवार सकाळची व्यंगचित्रे पुन्हा उभी करतो, जुन्या जाहिराती शोधून मधे पेरतो. मुंबई-पुण्यातील किंवा परदेशातील मराठी कुटुंबाने असा उद्योग केला, तर त्यातून दूरदर्शनचा ऐंशीच्या दशकातील रविवार उभा राहील. अशा स्मरणरंजनास हसण्याचे कारण नाही. हरवलेला काळ त्याच्याच वेगाने पुन्हा अनुभवण्याची ती एक रीत आहे. परंतु कोरकू सायंकाळ दूरचित्रवाणीवर कधी झालीच नाही. तेथे 'बदली' वस्तू बनवायची तर ती कशाच्या बदल्यात? या ठिकाणी सॉफ्टवेअर नक्कल करण्याचे साधन राहत नाही, त्याला प्रथमच काही रचावे लागते. आणि नेमक्या याच वेळी त्याची घडण आड येऊ लागते.

ही घडण कोठे आड येते, हे पाहण्यासाठी एर्झात्सटीव्हीची रचना पुरेशी आहे. या प्रकारातील ते सर्वांत विचारपूर्वक बांधलेले सॉफ्टवेअर म्हणता येईल. त्यात सामग्रीचे वर्ग ठरलेले आहेत : चित्रपट, मालिका, संगीतफिती, गाणी आणि 'इतर चित्रफिती'. चित्रपट आणि मालिका यांचे शीर्षक, वर्ष, कलावंत, प्रकार ही माहिती जागतिक सूचींतून येते आणि त्या माहितीच्या आधारे संग्रह आपोआप तयार होतात. आता सेमाडोहच्या एखाद्या घरातील सामग्री कल्पावी. गदली-सुसून नृत्याची मोबाइलवर उभी घेतलेली तीन मिनिटांची फीत, लग्नातील गाणी, मोहफुले वेचताना आजीने सांगितलेली गोष्ट. यांपैकी कशाचीही नोंद कोणत्याही जागतिक सूचीत नाही. ही सर्व सामग्री 'इतर'मध्ये जाते आणि तिची ओळख फोल्डरच्या नावापुरती उरते. भाषेच्या नोंदीचेही तसेच. आंतरराष्ट्रीय संकेतांच्या विस्तृत यादीत कोरकूला 'केएफक्यू' हा स्वतंत्र संकेत आहे. त्याआधीच्या आटोपशीर यादीत तिला 'मुंडा भाषा' या सामूहिक संकेताखाली उभे राहावे लागते.

वर्गीकरणापेक्षा अधिक मूलभूत अडचण लांबीची आहे. या सॉफ्टवेअरच्या व्याकरणात दोन प्रकारची सामग्री असते : मुख्य आणि भराव. मुख्य कार्यक्रम बावीस मिनिटांचा असेल, तर अर्ध्या तासाची चौकट पूर्ण करण्यासाठी आठ मिनिटांचा भराव लागतो. तो कार्यक्रमाच्या आधी, मधे किंवा नंतर बसवता येतो. ही अर्ध्या तासाची चौकट आणि बावीस मिनिटांची मालिका अमेरिकन व्यापारी दूरचित्रवाणीची देणगी आहे. जाहिरातींसाठी सोडलेल्या खिडक्या जाहिराती नसतानाही तेथेच राहिल्या आणि त्या बुजवण्यासाठी छोट्या फितींचा वर्ग निर्माण झाला. आता तीन मिनिटांचे कोरकू नृत्य या रचनेत कोठे बसेल? सॉफ्टवेअरच्या सोयीने चालणारा कोणताही आखणीकार ते भरावात टाकील. परिणामी आठ वाजता हिंदी चित्रपट मुख्य आणि त्याच्या फटींत गदली-सुसून, अशी सायंकाळ तयार होईल. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही, कोणी कोरकू संस्कृतीस दुय्यम ठरवलेले नाही; केवळ मिनिटे मोजली गेली. उपेक्षा अशा निरुपद्रवी मार्गानेही होते, आणि समीक्षेने अशा जागी थांबून पाहिले पाहिजे.

हा निकाल अटळ मात्र नाही. त्याच सॉफ्टवेअरमध्ये एखादा संग्रह एकेक फीत म्हणून न चालवता ठरावीक कालावधीसाठी सलग चालवण्याची सोय आहे. एका सायंकाळच्या चाळीस मिनिटांत बारा-तेरा फिती हाताने लावलेल्या क्रमाने दाखवल्या, तर त्याच फिती मुख्य होतात. शीर्षक, स्थळ, गाणाऱ्यांची नावे, गाण्याचा प्रसंग ही माहिती प्रत्येक फितीसोबत छोट्या मजकूर-संचिकेत हाताने लिहून ठेवता येते आणि सॉफ्टवेअर ती वाचते. काम कंटाळवाणे आहे. परंतु हे करणारी व्यक्ती नकळत कोरकू दृश्यसामग्रीची पहिली सूची तयार करत असते. वाहिनी उद्या बंद पडली तरी सूची उरते. या साधनाचा सर्वांत टिकाऊ उपयोग कदाचित हाच ठरेल.

काळाच्या बाबतीत सॉफ्टवेअरची उदारता आणि मर्यादा दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. आठवड्याचा वार, महिन्याची तारीख, वर्षाचा महिना यांनुसार पर्यायी वेळापत्रके लावता येतात. त्यामुळे बाजाराच्या दिवशी दुपार मोकळी ठेवून सायंकाळ वेगळी आखणे सहज शक्य आहे. परंतु होळी फाल्गुन पौर्णिमेला येते आणि पोळा श्रावण अमावास्येला. तिथी या घड्याळास कळत नाही. दरवर्षी कोणी पंचांग पाहून तारखा बदलल्या तरच वाहिनीवर होळी होळीच्या दिवशी येईल. यांत्रिक आखणीची यापेक्षा मोठी चूक 'शफल' या सोयीत आहे. वऱ्हाडात भुलाबाईची गाणी भाद्रपद-आश्विनात म्हणायची असतात. चैत्रात ती ऐकू आली तर म्हणणारीची फजिती होते. होळीच्या दिवसांतील कोरकू गाण्यांनाही ऋतूचा असाच आधार आहे. फितींची पिशवी हलवून हाताला येईल ती काढणाऱ्या यंत्राला गाणे आणि ऋतू यांचे नाते ठाऊक नसते. संग्रह ऋतूनुसार वेगळे ठेवणे हाच त्यावरचा उपाय, आणि तो माणसानेच करायचा.

याहून कठीण प्रश्न स्थलांतराचा आहे. शेतीची स्वतःची कामे आटोपली की, मेळघाटातील अनेक कोरकू कुटुंबे मजुरीसाठी सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात. मालिकेची आखणी ज्या प्रेक्षकाला गृहीत धरते तो रोज त्याच घरी, त्याच वेळी असतो. क्रमशः चालणाऱ्या कथनाचा सगळा डोलारा या हजेरीवर उभा आहे. वाहिनी वाट पाहत नाही. घराला कुलूप असताना भाग पुढे सरकत राहतात. काही सॉफ्टवेअरमध्ये प्रेक्षक नसताना वाहिनी थांबवून ठेवण्याची सोय पुढे आली. पण ती लावली की, शेजारच्या दोन घरांतील सायंकाळी एकमेकींपासून सुटतात आणि वाहिनीचे वाहिनीपण संपते. या पेचाला तांत्रिक उत्तर नाही. होळीच्या पंधरवड्यात, गाव भरलेले असताना, वर्षभराच्या फितींची पुन्हा एकदा सलग आखणी करणे एवढेच करता येते. जो आखणीकार हे करील त्याने आपला प्रेक्षक ओळखला असे म्हणावे लागेल. 'स्वयंप्रभा'च्या सहापट आवर्तनापेक्षा ही एकच पुनरावृत्ती अधिक विचारी आहे.

विल्यम्स यांच्या 'प्रवाहा'चे या सॉफ्टवेअरमधील रूप मोठे सूचक आहे. पुढचा ठरलेला कार्यक्रम येईपर्यंत मधला सर्व वेळ एकाच संग्रहातून भरत राहण्याच्या पद्धतीस त्यात 'फ्लड' असे नाव आहे. प्रवाहाचा पूर झाला. चोवीस तास काही ना काही दिसले पाहिजे, या धास्तीतून ही पद्धत येते. वस्तुतः वाहिनी बंद ठेवून स्थिरचित्र दाखवण्याची सोयही तेथेच आहे. हौशी निर्माते ती क्वचितच वापरतात. मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीला दूरदर्शनवरची 'व्यत्यय' ही पाटी आठवते. तिची थट्टा पुष्कळ झाली, पण ती पाटी प्रामाणिक होती : दाखवण्याजोगे आत्ता काही नाही, एवढे ती सांगत असे. ज्या गावाचा दिवस शेत आणि जंगल यांत जातो, तेथे सकाळी दहापासून पाचपर्यंत वाहिनी बंद असणे हे अपयश नसून दिवसाचे अचूक वाचन आहे. रात्रीचे दोन तासच चालणारी वाहिनी हौशी जगात हास्यास्पद ठरेल. सेमाडोहच्या संदर्भात ती योग्य ठरते.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. मोबाइल हाती असताना आणि गाणी मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असताना वाहिनीचे हे ओझे कशासाठी? आक्षेप बराचसा खरा आहे. फीत पोहोचवणे एवढाच हेतू असेल, तर वाहिनी निरुपयोगी आहे. वेळापत्रक जे जादा देते ते म्हणजे एककालिकता, आपण पाहतो आहोत ते त्याच क्षणी पलीकडच्या घरातही पाहिले जात आहे याची जाणीव. 'साइट'च्या काळात गावातील एकाच संचासमोर ही जाणीव आपोआप होती. त्यात एक व्यावहारिक बाजूही आहे. सेमाडोहपासून फार दूर नसलेले हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले. मायक्रोसॉफ्टच्या सहभागातून, दूरचित्रवाणीने न वापरलेल्या मोकळ्या कंप्रतांवरून तेथे इंटरनेट नेण्याची कल्पना त्यावेळी मांडली गेली होती. वाहिन्यांमधील रिकाम्या जागेतून जग गावात आणण्याचा तो विचार होता. घरगुती वाहिनीची दिशा नेमकी उलट आहे. सामग्री एकदा साठवली की तिला इंटरनेट लागत नाही. एक साधा संगणक, एक राउटर आणि त्याच्या टप्प्यातील घरे एवढ्यावर ती चालते. वीज मात्र लागते, आणि वीज गेली तर तेवढा कार्यक्रम गेला.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. 'साइट'ची सायंकाळ दूरच्या तज्ज्ञांनी आखली, ही तक्रार योग्यच होती. घरगुती वाहिनीत आखणीकार गावातच असतो, परंतु तो एकटा असतो, आणि ज्याच्याजवळ संगणक त्याच्याकडे तो मान जातो : शिक्षक, दुकानदार, शासकीय कर्मचारी. तो कोरकूभाषक असेलच असे नाही. आठ वाजता कोणाच्या लग्नाची फीत, कोणत्या पाड्याचे नृत्य, कोणत्या बाईचे गाणे, हे तो एकटा ठरवणार असेल, तर मुंबई-दिल्लीचा पक्षपात जाऊन त्या जागी गल्लीचा येईल. सॉफ्टवेअर एकाच चालकाची कल्पना करते; एकाच वेळापत्रकावर अनेकांनी विचारविनिमय करावा, कोणी हरकत नोंदवावी, अशी जागा त्याच्या पडद्यावर नाही. कायद्याचाही एक धागा येथे येतो. घराच्या चार भिंतींत चित्रपट लावणे आणि तो अनेक घरांत पोहोचवणे यांत १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या दृष्टीने फरक आहे; दुसऱ्या प्रकारास हक्कधारकाची अनुमती लागते. गंमत अशी की, या निर्बंधामुळे आखणीकारास हिंदी चित्रपट वगळून गावाच्या स्वतःच्या सामग्रीकडे वळावेच लागते. मात्र त्या सामग्रीलाही हक्कधारक आहेत. लग्नात उत्साहाने गायलेल्या बाईने ते गाणे दर बुधवारी आठ वाजता साऱ्या गावाने ऐकावे यास संमती दिलेली नसते, आणि मृत व्यक्तीची फीत लागण्यापूर्वी तिच्या घरच्यांस विचारण्याची आठवण कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही. फितीसोबतच्या त्या छोट्या मजकूर-संचिकेत गाणारीच्या नावाखाली एक ओळ संमतीसाठी ठेवता येते. ती कोणत्या भाषेत विचारली गेली, हेही तेथेच लिहिता येते.